लोककथेस ओसरीवरच का बसविता?

महाविद्यालयात साहित्य शिकविताना लोककथेस कोठे बसवावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ प्राध्यापकांचा वाटतो. पण तो बहुजन समाजाच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. आमच्या विद्यापीठांत लोकसाहित्य शिकविले जाते, हे खरे. परंतु पुष्कळ ठिकाणी त्याची वेगळी, ऐच्छिक पत्रिका असते. कविता, नाटक, कादंबरी मुख्य पंक्तीत, आणि शेतकऱ्याच्या, धनगराच्या, मजुराच्या घरची कथा मात्र ओसरीवर! हा पंक्तिभेद मोडलाच पाहिजे. जगातील लोककथा आणि जगातील नामांकित ग्रंथ एकाच वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, पोराबाळांच्या गोष्टींत शिकण्यासारखे काय आहे? त्यांस आम्ही आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीची गोष्ट दाखवितो. ती पाली भाषेतील ‘उदान’ ग्रंथात आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी तीच गोष्ट मराठीत सांगितली आणि केसोबासांनी ती दृष्टान्तपाठात नोंदविली. त्याच शतकात मौलाना रूमी यांनी ती फारसीत सांगितली. मात्र त्यांनी माणसांस आंधळे न करता हत्तीच अंधाऱ्या घरात उभा केला. गोष्ट एक, पण धर्म तीन, भाषा तीन आणि सांगण्याचा हेतूही निरनिराळा! साहित्याचा याहून चांगला पाठ कोणता? आणि भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी आपली म्हातारी! ती बंगालातही आहे आणि इराणातही आहे. जालन्याच्या मुलाने हे ऐकले, म्हणजे आपल्या घरची गोष्ट गावंढळ नसून ती जगाच्या व्यवहारातली आहे, हे त्यास कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

जालना जिल्ह्यास तर हा हक्क फार जुना आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपास दान देणाऱ्यांच्या कोरीव लेखांत भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख आहे. त्याच स्तूपाच्या तोरणांवर वेस्संतर राजपुत्राची, सहा दातांच्या हत्तीची आणि वानरराजाची जातककथा कोरलेली आहे. ज्या गावच्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी अशा कामास पैसा दिला, त्या गावच्या पोरास आज गोष्टीची लाज का वाटावी?

ही लाज कोठून येते, हे मराठवाड्याने तरी विसरू नये. निजामाच्या राज्यात 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण तेथे शिक्षण उर्दूतून. मराठी पोराची घरची भाषा उच्च शिक्षणाच्या दाराबाहेर राहिली. 1948 साली ते राज्य गेले आणि 1958 साली मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ झाले. आता दाराच्या आत आलेल्यांनी आपल्याच आईच्या बोलीस बाहेर थांबविणे कितपत शोभते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. लोककथांत सवतीमत्सर आहे, बाईचा छळ आहे, जातीवरून टवाळी आहे, भाबडेपणाही आहे. हे सर्व आम्हांस मान्य आहे. पण म्हणूनच त्या वर्गात आणा, आणि उघड्या डोळ्यांनी वाचा! कथा वाचणे म्हणजे कथेपुढे लोटांगण घालणे नव्हे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त अवतारांच्या कथा उलट तपासल्या आणि बळीराजास लोकांच्या स्मरणातून पुढे आणले. इडापीडा टळून बळीचे राज्य यावे, हे मागणे आमच्या आयाबहिणी दिवाळीत करीत आल्या. त्यात केवढा इतिहास दडला असेल, हे पाहण्याची नजर जोतीरावांनी दिली. कथेची अशी झडती घेण्यास शिकविणे, हेच महाविद्यालयाचे काम आहे.

आमची सूचना साधी आहे. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षात एक कथा आपल्या गावी जाऊन ऐकावी आणि सांगणाऱ्याच्या बोलीत, एक शब्दही ‘शुद्ध’ न करता लिहून घ्यावी. सांगणारीच्या परवानगीने तिचे नाव, गाव आणि वय वर लिहावे. मग तिच्यासारखी कथा पंचतंत्रात, जातकांत, अरबीत किंवा जर्मनीत आहे काय, असल्यास काय बदलले आणि का बदलले, याचा निबंध लिहावा. या निबंधास इतर पत्रिकांइतकेच गुण असावेत.

नावाचा आग्रह आम्ही उगीच धरीत नाही. ग्रिम बंधूंना कितीतरी गोष्टी सांगणारी डोरोथिआ फीमान ही एका शिंप्याची बायको. 1819 च्या आवृत्तीत बंधूंनी तिचे चित्र छापले. मेरी फ्रिअरबाईंचे दख्खनच्या कथांचे इंग्रजी पुस्तक 1868 साली निघाले. त्या कथा सांगणारी ॲना लिबेराटा डिसूझा ही घरची आया होती. तिची जीवनकथाही त्याच पुस्तकात आहे. तरीसुद्धा आज पुस्तके ओळखली जातात ती ग्रिम आणि फ्रिअर यांच्याच नावाने. आमच्या मायमाउलींच्या बाबतीत तरी असे होऊ देऊ नये.

प्राध्यापकबंधूंनो, अभ्यासक्रम बदलण्यास मंडळे लागतील, ठराव लागतील. पण गोष्ट ऐकण्यास कोणाचा ठराव लागत नाही. सांगणाऱ्या म्हाताऱ्या दरसाल कमी होत आहेत, आणि ग्रंथ जळाला तर दुसरी प्रत तरी मिळते. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांस रिकाम्या वह्या देऊन घरी पाठवा.