‘कम्युनल’ नेमके कोण?

फ्रान्समध्ये स्थानिक कारभाराच्या सर्वात लहान घटकाला ‘कम्युन’ म्हणतात. आपली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका समजा. ‘कम्युनल’ म्हणजे त्या कम्युनचे, सर्वांचे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि तिथे आजही सामायिक स्वयंपाकघराला ‘कम्युनल किचन’ म्हणतात. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

भारतात याच शब्दाला वेगळे वळण लागले. १९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. १९३२ साली रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी ‘कम्युनल अवॉर्ड’ जाहीर केला. त्यात मुसलमान, शीख, ख्रिश्चन आणि अस्पृश्य मानले गेलेले समाजही होते. मराठीत त्याला ‘जातीय निवाडा’ म्हटले गेले. म्हणजे तोवर हा सरकारी दप्तरातही चालणारा शब्द होता. आज ती शिवी आहे, आणि बहुतेक वेळा एकाच पत्त्यावर धाडली जाते.

मराठीत तर गोंधळ आणखी वाढतो. ‘जातीय दंगल’ म्हटले की जात कोणती आणि धर्म कोणता, काहीच कळत नाही. अभ्यासकांनी ‘जमातवाद’ हा शब्द वापरला. त्यांचा हेतू चांगला होता. पण ‘जमात’ कानावर पडताच सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे दाढी-टोपीच उभी राहते. आरोपी कोण, हे शब्दानेच ठरवून टाकले!

‘दंगल’ म्हटले की दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. १९९२-९३च्या मुंबईतील हिंसेत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मेली. त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. प्रत्येक मृत्यू दुःखदच आहे. पण हल्ला कुणी केला, पोलीस काय करत होते, हे प्रश्न ‘जातीय दंगल’ या दोन शब्दांखाली गाडले जातात.

धर्माच्या नावावर मते मागणारा आणि द्वेष पेरणारा पुढारी कम्युनल आहे, मग तो आपल्या मोहल्ल्यातला का असेना. त्याला तसे म्हणायला आपण कचरू नये. पण मोहल्ल्यात नळ, गटार आणि शाळा मागणाऱ्या बाईला कम्युनल ठरवणाऱ्यांना माझा सवाल आहे : तुम्ही कोणत्या अर्थाने बोलता? फ्रेंच अर्थाने असेल, तर आरोप कबूल. पाणी, रस्ता, शाळा हीच तर कम्युनची कामे आहेत. भारतीय अर्थाने असेल, तर आधी पुरावा द्या.