सांदण दरी, कोकणकडा, कळसूबाई : अकोले तालुक्यातलं साहसी पर्यटन नेमकं कुणाच्या भरवशावर चालतं?

मे महिना संपत आला की मोबाइलवर ठरावीक रील्स फिरायला लागतात. आधी भंडारदऱ्याचे काजवे, मग कळसूबाईच्या शिड्यांवरचं धुकं, मग रंधा धबधबा. पाऊस जोर धरतो आणि लगेच दुसऱ्या प्रकारच्या पोस्ट येतात : अमुक ठिकाणी प्रवेश बंद, तमुक ठिकाणी मनाई आदेश. त्याखाली दोन गट भांडत असतात. एक म्हणतो, "सरकारला फक्त बंदी घालता येते." दुसरा म्हणतो, "लोकांना अक्कल नाही, बंदीच हवी."

या भांडणात एक साधा प्रश्न बाजूला राहतो. तुम्ही पैसे भरून एखाद्या दरीत दोर लावून उतरता, तेव्हा तो दोर, तो माणूस आणि त्या दिवशीचं हवामान कुणी तपासलेलं असतं का?

अकोल्यात एवढं आहे तरी काय?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणूनच घाटघरला 'नगरचं चेरापुंजी' म्हणतात.

राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) इथलंच, पायथ्याला बारी गाव. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिच्यावरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर, पाचनईच्या वर हरिश्चंद्रगड आणि त्याचा कोकणकडा, साम्रदजवळ सांदण दरी. एवढं सगळं एकाच तालुक्यात. हा बराचसा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

मुंबई, पुणे, नाशिक तिन्ही शहरांतून गाडीनं काही तासांत इथे पोहोचता येतं. शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री परत यायचं. लाखो रुपये मोजून लोक न्यूझीलंडला पंधरा दिवसांची सहल करतात, ती डोंगर, तळी, दऱ्या आणि थरार यांसाठी. त्याचा खिशाला परवडणारा अवतार शहरातल्या तरुणांना अकोल्यात मिळतो.

मग धोका कुठे आहे?

सांदणचंच उदाहरण घ्या. ही दरी म्हणजे जमिनीला पडलेली खोल, अरुंद भेग आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे. काही ठिकाणी हात पसरले तर भिंतींना टेकतील इतकी ती चिंचोळी होते. वर पाऊस पडला की पाण्याला दुसरी वाटच नसते. दरीत असलेल्या माणसालाही बाजूला सरकायला जागा नसते. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि मागच्या डोंगरावर ढग फुटलेला असेल, तरी पाणी तुमच्यापर्यंत येणारच. म्हणून पावसाळ्यात सांदण उतरत नाहीत.

हरिश्चंद्रगडावर धोका वेगळा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे वीस जणांचा गट कोकणकड्यावरून दोरानं उतरताना मध्येच अडकला. रात्र कड्यावर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप निघाले. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेले सहा जण पाऊस-धुक्यात वाट चुकले. गारठ्यानं त्यातल्या एकाचा जीव गेला. तिथे ना दरड कोसळली होती, ना पूर आला होता. वाट चुकणं, ओले कपडे आणि थंडी एवढं पुरेसं झालं.

यात न्यूझीलंडचा संबंध काय?

संबंध आहे, कारण त्या देशानं हीच ठेच खाल्ली आहे. १५ एप्रिल २००८ रोजी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरच्या मांगाटेपोपो नावाच्या अरुंद घळीत शाळेची मुलं प्रशिक्षकासोबत उतरली होती. जोरदार पावसानं ओढा अचानक चढला. सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक वाहून गेले. घळीची रचना सांदणसारखीच : दोन्हीकडे भिंती आणि मध्ये पाणी.

त्याच सुमारास तिथे साहसी खेळांमध्ये इतरही मृत्यू झाले होते. देश पर्यटनावर जगणारा, त्यामुळे 'घळी बंद करा' म्हणून भागणार नव्हतं. सरकारनं संपूर्ण उद्योगाची तपासणी केली आणि २०११ साली नियम आणले. पैसे घेऊन धोक्याचा साहसी उपक्रम चालवणाऱ्यानं बाहेरच्या तपासनीसाकडून सुरक्षेची तपासणी करून घ्यायची. ती पास झाली तरच सरकारी नोंदवहीत नाव लागणार. नाव नाही, तर धंदा करता येणार नाही. ही नोंदवही कुणालाही पाहता येते.

याशिवाय आणखी तीन गोष्टी तिथे आहेत.

एक, माणसं मोजली जातात. मिलफर्ड ट्रॅक या ५३.५ किलोमीटरच्या प्रसिद्ध वाटेवर हंगामात स्वतंत्रपणे चालणाऱ्या फक्त ४० जणांना रोज सोडलं जातं. मुक्कामाच्या झोपड्या आधी आरक्षित कराव्या लागतात.

दोन, पर्यटकाकडून पैसे घेतले जातात आणि ते कशासाठी घेतले हे सांगितलं जातं. बहुतेक परदेशी पाहुण्यांवर २०१९ पासून ३५ न्यूझीलंड डॉलरचा आकार होता, तो ऑक्टोबर २०२४ पासून १०० डॉलर झाला. हा पैसा निसर्ग संवर्धन आणि पर्यटनाच्या सोयींसाठी आहे.

तीन, अपघात झाला तर उपचाराचा खर्च कोण देणार हे आधीच ठरलेलं आहे. १९७४ पासून तिथे सरकारी अपघात भरपाई योजना आहे. चूक कुणाची हे न विचारता ती मदत करते आणि परदेशी पर्यटकालाही उपचारांपुरती लागू होते. त्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी कोर्टात जाण्याचा हक्क जवळपास सोडावा लागतो.

पण न्यूझीलंडचं सगळं आलबेल आहे असंही नाही. ९ डिसेंबर २०१९ ला व्हाकारी या ज्वालामुखीच्या बेटावर स्फोट झाला तेव्हा तिथे ४७ जण होते, त्यातले २२ दगावले. सहली नेणारे नोंदणीकृत होते. नोंदवहीत नाव असलं तरी 'आज इथे जायचं की नाही' हा निर्णय चुकू शकतो, हे तेव्हा कळलं. त्यानंतर तिथले नियम पुन्हा कडक करण्यात आले.

महाराष्ट्रात नियमच नाहीत का?

आहेत. २०१८ साली साहसी उपक्रमांच्या सुरक्षेचा शासन निर्णय निघाला होता. अनेक गिर्यारोहण संस्थांनी त्याला आक्षेप घेतला. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यानं साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांसाठी आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं आणि योग्य साधनं ठेवायची, विमा आणि बचावाची तयारी दाखवायची, असा त्याचा गाभा आहे.

म्हणजे कागदावर आपण न्यूझीलंडपासून फार लांब नाही. अडचण कागद आणि दरी यांच्यामध्ये आहे.

अडतं कुठे?

आयोजक कोण, इथूनच गोंधळ सुरू होतो. इन्स्टाग्रामवर एक पान, एक क्यूआर कोड आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एवढ्यावर सहल उभी राहू शकते. पुढच्या महिन्यात तेच लोक दुसऱ्या नावानं दिसतात. अशा पानाला ऑफिस नसतं, पाटी नसते. नोंदणी तपासायला जायचं तर कुणाकडे?

दुसरं, जागेचा मालक एक नाही. अभयारण्य वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे. धरण जलसंपदा विभागाकडे. अमृतेश्वर आणि हरिश्चंद्रगडावरची प्राचीन मंदिरं पुरातत्त्व खात्याकडे. गावातली जागा ग्रामपंचायतीची किंवा शेतकऱ्याची. बंदोबस्त राजूर पोलिसांचा. साहसी उपक्रमाची नोंदणी पर्यटन खात्याची. त्यात सांदण वरून उतरायला सुरुवात होते ती अहिल्यानगर जिल्ह्यात आणि माणूस खाली बाहेर पडतो ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. नाक्यावर प्रवेशाची पावती मिळते, पण ती अभयारण्यात शिरल्याची असते. 'हा गट दरीत उतरायला लायक आहे' असं ती सांगत नाही.

तिसरं, बचाव. कड्यावर माणूस अडकला की पहिल्यांदा धावतात ती पाचनई, साम्रद, बारीसारख्या गावांतली पोरं. त्यांना वाटा पाठ असतात. त्यांच्या जोडीला स्वयंसेवी गिर्यारोहक येतात. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर हे जाळं अशाच स्वयंसेवकांच्या जोरावर चालतं. जिल्ह्याचं मुख्यालय इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. सरकारी पथक येईपर्यंतचे तास गावकरी आणि स्वयंसेवकच निभावतात.

मग बंदी घालून प्रश्न सुटतो का?

बंदीचं कारण समजण्यासारखं आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळून चौघांचा जीव गेला. असं काही घडलं की राज्यभर प्रशासन सावध होतं आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या कलम १४४ च्या जागी आलेल्या तरतुदीखाली, मनाई आदेश निघतात. पूर आलेल्या ओढ्याकाठी जमलेली गर्दी हटवायला हा उपाय लागतोच.

पण बंदीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. पुण्यातल्या पर्यटकाचा एक शनिवार बुडतो, तो पुढच्या आठवड्यात कोकणात जातो. आयोजक दुसऱ्या किल्ल्याची जाहिरात टाकतो. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना मात्र दुसरीकडे जाता येत नाही. भात, नागली, वरई ही पावसावरची पिकं. ती घरी खायलाच जेमतेम पुरतात. खरिपानंतर नारायणगाव-जुन्नरच्या भाजीच्या मळ्यांत मजुरीला जावं लागतं. ज्या घरात पाहुण्यांना पिठलं-भाकरी मिळते, जिथला मुलगा वाटाड्या म्हणून जातो किंवा तंबू लावतो, त्या घरातलं कुणीतरी हे स्थलांतर टाळू शकतं.

पर्यटनाच्या पैशातला मोठा वाटा शहरात बुकिंग घेणाऱ्याकडे राहिला आणि गावाकडे फक्त जेवणाच्या ताटाचे पैसे आले, तर गावाला 'आज जाऊ नका' म्हणायची ताकद उरत नाही. वाटाड्याला दिसत असतं की मागे ढग भरलेत. पण गट रद्द झाला तर त्याचा दिवस बुडणार असतो आणि निर्णय घेणारा ग्रुप अ‍ॅडमिन त्याला ओळखतही नसतो. सुरक्षेचा प्रश्न इथे पैशाच्या वाटणीशी येऊन भिडतो.

याच तालुक्यात वेगळी वाटही दिसते. पुरुषवाडी गावात ग्रासरूट्स संस्थेच्या सोबतीनं गावकऱ्यांनी पर्यटन स्वतः चालवायला घेतलं. पाहुणे घरात राहतात, गावातलेच लोक फिरवतात. किती जण घ्यायचे आणि त्यांनी कसं वागायचं, हे गाव ठरवतं. काजव्यांच्या हंगामात हे फार महत्त्वाचं आहे, कारण काजव्याचा प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना घातलेली साद. गाड्यांचे दिवे आणि टॉर्च पडले की ती साद पोहोचत नाही. ओल्या मातीत वाढणाऱ्या अळ्या चाकांखाली आणि पायांखाली जातात. काजवे संपले, तर त्यांचा हंगामही संपणार.

मग करायचं काय?

नवा कायदा लागेलच असं नाही. नोंदणी झालेल्या आयोजकांची यादी गावाच्या नाक्यावर लावता येईल. यादीत नाव नसलेल्या गटाला तिथून दोर घेऊन पुढे सोडायचं नाही. सांदणमध्ये दिवसाला किती जण, हा आकडा ठरवता येईल. दरीत उतरायचं की नाही याचा शेवटचा शब्द स्थानिक प्रशिक्षित वाटाड्याचा ठेवता येईल आणि त्यानं 'नाही' म्हटलं तरी त्याची मजुरी ठरलेली राहील, अशी अट घालता येईल. प्रवेश शुल्कातला ठरावीक हिस्सा गावातल्या बचाव पथकाच्या दोर, स्ट्रेचर आणि विम्यासाठी ठेवता येईल.

हे होईपर्यंत पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारणं तुमच्या हातात आहे :

• तुमची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? क्रमांक पाठवा.
• सोबत येणारा प्रशिक्षक कुठे शिकला आहे? किती माणसांमागे एक प्रशिक्षक आहे?
• स्थानिक वाटाड्या कोण आहे? त्याला दिवसाचे किती पैसे मिळतात?
• हवामान बिघडलं तर सहल कोण रद्द करणार? पैसे परत मिळणार का?
• विमा आहे का? त्यात दोरानं उतरणं धरलं आहे का?

उत्तर टाळलं गेलं किंवा 'काही होत नाही, आम्ही दर आठवड्याला जातो' असं आलं, तर त्या गटासोबत जाऊ नका. तिथे काही बिनसलं, तर पहिली धाव साम्रद किंवा पाचनईच्या पोरांनाच घ्यावी लागणार असते. त्यांचं नाव त्या पोस्टरवर नसतं आणि बहुतेक वेळा त्यांचा विमाही कुणी उतरवलेला नसतो.