रविवारचा बुधवार

“आठवड्याची सुट्टी मिळते आहे ना? मग ती रविवारी मिळाली काय नि बुधवारी मिळाली काय!” असे म्हणणारा गृहस्थ बहुधा एकटा राहत असावा. ज्याच्या घरी शाळेत जाणारे मूल आहे नि ज्याची बायको दुसरीकडे नोकरी करते, त्याला विचारून पाहा. बुधवारच्या सुट्टीत कपडे धुऊन होतात, बँकेचे काम उरकते, दळणही येते. पण घरातली माणसे भेटत नाहीत.

एका कामगार वकिलांच्या कचेरीत मी बत्तीस वर्षे कारकुनी केली. निवृत्त झालो तरी ओळखीपाळखीचे लोक कागद घेऊन येतातच, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. या उन्हाळ्यात आलेला कागद माझ्या मावसबहिणीच्या सुनेचा. ती ठाण्याकडच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे. नाव सांगत नाही, कारण तिला अजून तिथेच नोकरी करायची आहे. सात वर्षे सकाळी आठ ते साडेचार काम आणि रविवारी सुट्टी. एका शनिवारी संध्याकाळी फळ्यावर चिठ्ठी लागली : सोमवारपासून पॅकिंग खात्याची वेळ दुपारी बारा ते रात्री साडेआठ, साप्ताहिक सुट्टी बुधवार. खाली सही आणि शिक्का. पाळणाघर सातला बंद होते आणि नवरा घरी असतो तो फक्त रविवारी.

“मामा, असं करता येतं का हो त्यांना?”

वेळ बदलता येते. पण शनिवारी चिठ्ठी लावून सोमवारी नव्हे. कामाचे तास, मधली विश्रांती, सुट्ट्या, स्थायी आदेशांत नसलेला पाळीतला बदल, या गोष्टींना हात लावायचा तर मालकाने आधी संबंधित कामगारांना रीतसर नोटीस द्यावी आणि तिला २१ दिवस होईपर्यंत बदल अमलात आणू नये, असा कायदा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली घातलेले हे कलम ९-अ. तो कायदा आता गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. कलमाचा आकडा बदलून ४० झाला, पण २१ दिवस कायम आहेत. अचानक अडचण उद्भवली तर पाळी लगेच बदलण्याची एक सवलत नव्या संहितेने मालकांना दिली आहे खरी. मात्र तिथेही तक्रार निवारण समितीशी विचारविनिमय करायला हवा. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे ही समिती असावीच लागते, आणि तीत दोन्ही बाजूंचे सभासद सारखे. सुनबाईला अशी काही समिती आपल्या कारखान्यात आहे याची वार्ताही नव्हती!

“पण सुट्टी तर काढून घेतली नाही, नुसता वार बदलला,” असे तिच्या साहेबांचे म्हणणे. हा मुद्दा जुना आहे. टाटा कंपनीच्या कोळसा खाणींत रविवारची सुट्टी दुसऱ्या वारी नेल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वार बदलण्यालाही नोटीस हवी, असे न्यायालयाने १९७२ साली सांगितले. बदलाचा परिणाम काय होईल याचा विचार करायला आणि आपले म्हणणे मांडायला कामगाराला अवसर मिळावा, हाच या कलमाचा हेतू आहे, असेही सांगितले.

आणि रविवार तरी कुठे फुकट मिळाला होता! नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्यांचा अर्ज केला, त्यावर साडेपाच हजार कामगारांनी नावे घातली. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, एवढेच साधे मागणे. मालकांना ते पटायला सहा वर्षे लागली. १८९० च्या एप्रिलात दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन बायकांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. खंडोबाचा वार त्या दिवसापासून गिरणगावाचा वार झाला.

सगळ्यांनाच हे कलम लागू नाही, हेही सांगून ठेवतो. व्यवस्थापक आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक पगार घेणारे पर्यवेक्षक यांना नेमणूकपत्रातल्या अटींचाच काय तो आधार. तिथे ‘कंपनी वेळोवेळी ठरवील ती वेळ’ असे शब्द बारीक अक्षरांत असतात, सही करण्यापूर्वी वाचावेत. मात्र नुसत्या हुद्द्याने भिऊ नये. नावाने ‘एक्झिक्युटिव्ह’ असलेली पुष्कळ माणसे दिवसभर कारकुनीच करतात, आणि कायदा प्रत्यक्ष काम पाहतो. सरकारी नोकरांचे नियम निराळे. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, त्याची भरपाई रोज सव्वासहापर्यंत बसून होते.

सुनबाई रागाने म्हणाली, “सोमवारी जातच नाही!” मी म्हटले, ते मात्र करू नकोस. गैरहजर राहिलीस की वेळेचा प्रश्न बाजूला पडतो आणि तुझ्या शिस्तीचा प्रश्न उभा राहतो. नव्या वेळेला जा, पण बदल मान्य नाही असे लिहून दे, दुसऱ्या प्रतीवर पोच घे. आणखी एक गोष्ट त्या अर्जात घातली. संध्याकाळी सातनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती लागते, हे नव्या कामगार संहितांतच आहे. साडेआठपर्यंतच्या पाळीला संमती कोणी विचारली होती?

खात्यातल्या अकरा जणींनी सह्या केल्या. चार दिवस कोणी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी चिठ्ठी उतरली आणि २१ दिवसांची रीतसर नोटीस लागली. त्या मुदतीत तीन बैठका झाल्या. वेळ सकाळी दहा ते साडेसहा ठरली. रविवार मात्र महिन्यातले दोनच उरले, बाकीचे पाळीपाळीने. मालाच्या गाड्या रविवारी येतात, यावर मालक हटले नाहीत. सुनबाई समाधानी नाही. पण दोन रविवार कोणते ते महिनाभर आधी कळते, आणि पाळणाघरवाल्या काकूंनी पाऊण तास वाढवून दिला आहे, अर्थात जादा पैसे घेऊन.

त्याच खात्यात चार मुली ठेकेदारामार्फत आहेत. त्यांच्या सह्या त्या अर्जावर नव्हत्या, आणि त्या अजूनही रात्री साडेआठलाच सुटतात. त्यांचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. ठेकेदाराचे नाव पगाराच्या पावतीवर असते म्हणून पावती आणायला सांगितले, तर चौघींपैकी एकीलाही पावती मिळालेली नाही. तेव्हा आता आधी पावतीचा अर्ज.