घराण्याचे पित्त

“आमच्या घराण्यातच पित्त आहे,” हे वाक्य आपल्या घरांतून काहीशा अभिमानानेच उच्चारले जाते. आजोबांना जेवणानंतर छातीत जळजळ होई, वडिलांना होते, आता थोरल्या भावाच्याही घशाशी आंबट येऊ लागले. मोरावळ्याची बरणी पुढे सरकवली, चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यातून घेतला, की विषय संपला! आनुवंशिकतेचा हा अर्थ आम्हांस मान्य नाही.

अन्ननलिका जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक वलय असते. घास खाली सोडून ते मिटते. ते सैल पडले, म्हणजे जठरातील आम्ल वर चढते. ही प्रवृत्ती काही अंशी रक्तातून येते, हे खरेच. स्वीडनमधील जुळ्या भावंडांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३१ टक्के, तर २००३ सालच्या ब्रिटिश अभ्यासात ४३ टक्के आढळला. मग उरलेला निम्म्याहून मोठा भाग कोठला? वाढते वजन, तंबाखू, उशिरा जेवून लगेच आडवे होणे! या सवयीही मुले वडीलधाऱ्यांकडूनच उचलतात. रात्री दहानंतर सराफ्यात खाऊन अंथरुणावर पडणाऱ्या आम्हां इंदूरकरांनी सारा दोष पूर्वजांवर ढकलावा, हे न्यायाचे नव्हे. (सराफ्याविरुद्ध लिहिणे इंदुरात धाडसाचे आहे, हे आम्ही जाणतो.)

वर्षानुवर्षे आम्ल लागत राहिले, तर काहींच्या अन्ननलिकेचे अस्तर पालटून आतड्याच्या अस्तरासारखे होते. १९५० साली यासंबंधी लेख लिहिणारे लंडनचे शस्त्रवैद्य नॉर्मन बॅरेट यांच्या नावाने ही विकृती ओळखली जाते. तीतून पुढे कर्करोग थोड्यांनाच होतो; परंतु आईवडील वा भावंडांपैकी कोणास या दोहोंपैकी एक झाले असेल, तर जुनी जळजळ असलेल्याने दुर्बिणीच्या तपासणीविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे. घास अडकणे, वजन घटणे, शौचास काळे होणे, ही लक्षणे दिसल्यास तर मोरावळ्याची वाट पाहूच नये.

पण विचारणार कशाच्या आधारे? आपल्याकडे थोरले काका ‘पोटाच्या दुखण्याने’ गेले, एवढेच सांगतात. कर्करोगाचे नाव दबल्या आवाजात घेतात. कित्येक घराण्यांनी मोठ्या हौसेने कुलवृत्तान्त छापले आहेत. त्यांत मूळ गाव आहे, कुलदैवत आहे, वंशवेल आहे. माणूस कशाने गेला, हे मात्र बहुधा नाही. ते रकाने भरावयास आजी-आजोबांजवळ बसून विचारणे, हे काम सुटीत आमच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे.