वर्दी उतरल्यानंतरचे जनरल

पारावरून / आंधळगावकर

निवडणूक जवळ आली की आंधळगावच्या टपरीवर एक मत हमखास ऐकू येतं : “एखादा मिल्ट्रीवाला मंत्री बसवा जी, सप्पा सीधे होतीन.” कोसा विणणारे, धान पिकवणारे, सगळेच माना डोलावतात. मला तेव्हा जगन्नाथराव भोसले आठवतात.

मुंबईत यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान ज्या रस्त्यावर आहे, त्याला त्यांचं नाव दिलंय. मंत्रालयात कामं घेऊन जाणारे आपल्याकडचे कार्यकर्ते तिथूनच जातात. हे भोसले कोण, असं विचारलं तर बरेच जण नागपूरच्या राजांकडे बोट दाखवतील! हे सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे. सँडहर्स्टला शिकले, इंग्रजांच्या फौजेत लेफ्टनंट कर्नल झाले. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं, ते युद्धकैदी झाले आणि पुढे आझाद हिंद सेनेत गेले. तिथे मेजर जनरल, चीफ ऑफ स्टाफ. ऑक्टोबर 1943 मध्ये नेताजींनी स्थापन केलेल्या हंगामी सरकारात सेनेचे प्रतिनिधी म्हणून मंत्रीही.

स्वतंत्र भारतानं आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांना लष्करात परत घेतलं नाही. हा निर्णय मला आजही कोता वाटतो. भोसले मात्र 1952 मध्ये रत्नागिरी भागातून काँग्रेसचे खासदार झाले आणि नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. उपमंत्री! ज्यानं फौजेला हुकूम दिले, त्याच्या वाट्याला आता फायली आल्या. फाळणीनं उखडलेली 70 लाखांहून जास्त माणसं, त्यांचे मागे राहिलेल्या घरादाराचे दावे, छावण्या. ‘सावधान’ म्हणून यातलं काहीच सुटत नाही. दावा तपासावा लागतो, पैसा मागावा लागतो, संसदेत उत्तरं द्यावी लागतात. टपरीवरच्या मंडळींना नेमकी हीच बाजू दिसत नाही.

भोसल्यांचा खरा जीव रमला तो निर्वासितांच्या मुलांत. 1954 मध्ये दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनमधून त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली : कवायत, व्यायाम, गाणी, देशाच्या गोष्टी. घरदार गमावलेल्या पोरांना रोज सकाळी ठरलेल्या वेळी कुणीतरी रांगेत बोलावतं, नावानं हाक मारतं, याची किंमत मोठीच. पण पुढे योजना देशभरच्या शाळांत नेली गेली, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. छावणीतल्या पोराला शिस्तीत आधार मिळाला असेल. आईबापांच्या घरून डबा घेऊन येणाऱ्या पोराला तो आणखी एक तास.

1963 मध्ये भोसले वारले. दोनेक वर्षांत योजना स्वतंत्र राहिली नाही, शारीरिक शिक्षणाच्या नव्या कार्यक्रमात तिला मिसळून टाकलं, आणि तिचे शिक्षक पुढे राज्यांच्या शिक्षण खात्यांकडे वर्ग झाले. खात्यांनी त्यांना पीटीचा तास दिला.