रिअल-टाइम म्हणजे फास्ट नव्हे!

नव्या गाड्यांच्या जाहिराती बघा: ‘कनेक्टेड’, ‘एआय’, ‘रिअल-टाइम’. मी गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे शेवटच्या शब्दाला हसूच येतं. रिअल-टाइम म्हणजे फास्ट नव्हे, ठरल्या वेळेत. फोनवर व्हिडिओ अडकला तर तुम्ही वैतागता, बस. एअरबॅग मात्र धडक बसल्यावर काही मिलिसेकंदांतच फुगावी लागते. उशिरा फुगली तर काय उपयोग?

पण वेळ पाळणं म्हणजे सुरक्षित असणं नाही. गाडीतले कंट्रोलर ज्या कॅन बसवर बोलतात, तिच्यात मेसेज नक्की कोणी पाठवला हे तपासायची मूळ सोयच नाही. १९८०च्या दशकातली रचना. तेव्हा गाडीत इंटरनेट कुठे होतं? २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी घरबसल्या, मोबाइल नेटवर्कवरून, हायवेवरच्या जीप चेरोकीचा अ‍ॅक्सिलरेटर निकामी केला. (आत बसलेल्या पत्रकाराची तयारी होती म्हणा.) शिरकाव झाला गाणी आणि नकाशे दाखवणाऱ्या सिस्टिममधून. कंपनीने १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला, आणि अपडेट चक्क पोस्टाने, पेनड्राइव्हवर पाठवला!

शोरूममध्ये स्क्रीन किती इंची हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? आणि उत्तर लेखी मागा.