हळदीचा विजय कोणाचा?

हळदीचे पेटंट आपण अमेरिकेत हाणून पाडले, हा अभिमान आपल्या मंडळांतून अजूनही मिरवला जातो. तो विजय आजीबाईच्या बटव्याचा होता, हे मात्र आम्हांस मान्य नाही. जखमेवर हळद वापरण्याचे ते पेटंट १९९५ साली दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले, ते छापील पुराव्यांमुळे. त्यांत १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेखही होता. परदेशातील नुसती वहिवाट तेथील तेव्हाचा कायदा जमेस धरीत नसे.

मग आपल्या घरांतील काढ्यांची आणि लेपांची नोंद कोठे आहे? नुसत्या नावावर विसंबावे, तर 'ब्राह्मी' म्हणून कोणी मंडूकपर्णी देतो, कोणी जलब्राह्मी. इंदूर-बडोद्याच्या जुन्या घरांत तर एकाच झाडाला दोन भाषांतली नावे. तेव्हा मिरवणे पुरे. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर झाडाची सर्व नावे, वापरायचा भाग, प्रमाण आणि पथ्य लिहून घ्यावे. नोंद म्हणजे गुणाचा दाखला नव्हे, हे खरे. पण जे लिहिलेलेच नाही, त्याची पारख तरी कोणी आणि कशी करावी?